सवडीचा हिशेब : कामाच्या आराखड्यातील मोकळे दिवस कसे मोजावेत आणि कोणी खर्चावेत

बांधकामावर देखरेख करणाऱ्या माणसाला दिवसातून अनेक वेळा ज्या प्रश्नाला तोंड द्यावे लागते, तो वरवर पाहता अगदी साधा असतो : अमुक एक काम चार दिवस लांबले तर चालेल काय? सुतार तो चौकटींबद्दल विचारतो, विजेचा कंत्राटदार आपल्या पाइपांबद्दल विचारतो, आणि मुकादम तर उत्तराची वाटही न पाहता माणसे दुसऱ्या कामावर पाठवून मोकळा होतो. अनुभवी माणूस अशा वेळी अदमासाने होकार किंवा नकार देतो आणि काम लहान असेल तर त्याचा अदमास बहुधा खराही ठरतो. परंतु जेथे दहा-पंधरा कामे एकमेकांत गुंतलेली असतात तेथे अदमास अपुरा पडतो, कारण विलंबाचा परिणाम जेथे विलंब झाला तेथे न दिसता तीन कामांपलीकडे, भलत्याच माणसाच्या माथी जाऊन बसतो. या प्रश्नाचे उत्तर दिवसांच्या आकड्यात देण्याची नियोजनशास्त्राची जी रीत आहे तिला सवडीचे, म्हणजे इंग्रजी ग्रंथांच्या भाषेत फ्लोटचे, गणित म्हणतात. त्यात बेरीज आणि वजाबाकी यांपलीकडे काहीही नाही. मात्र आलेल्या आकड्याचा अर्थ लावण्यास जी सावधगिरी लागते तिच्याअभावी पुष्कळ आराखडे भिंतीवर टांगण्यापुरतेच उरतात.

ही रीत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध झाली. ड्यू पाँट या रसायने बनविणाऱ्या कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या कंपनीतील गणितज्ञ जेम्स केली यांनी ती मांडली, आणि ड्यू पाँटच्या लुईव्हिल येथील कारखान्याच्या दुरुस्तीला तिचा उपयोग केला असता, कारखाना बंद ठेवण्याचा काळ १२५ तासांवरून ९३ तासांवर आला. त्याच सुमारास अमेरिकेच्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट नावाची भगिनी-पद्धती निर्माण केली. या दोन्ही पद्धती प्रचंड संगणकांच्या छायेत वाढल्या खऱ्या; परंतु १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन फोंडाल यांनी बांधकामवाल्यांसाठी हेच गणित संगणकावाचून, कागद-पेन्सिलीने करण्याची वाट दाखविली. त्यांच्या रीतीच्या आज रूढ असलेल्या रूपात प्रत्येक काम चौकोनात लिहितात आणि एका कामावर दुसरे अवलंबून असेल तर पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण काढतात. आपणही हीच रीत वापरू.

उदाहरणाची मांडणी

एखाद्या गावी सार्वजनिक वाचनालयाची एकमजली, विटांच्या भिंतींची इमारत बांधावयाची आहे असे समजा. कामे, त्यांना लागणारे दिवस आणि त्यांच्यापूर्वी जी कामे पुरी व्हावयास हवीत ती अशी :

१. पायाची खोदाई – ६ दिवस
२. पाया भरून जोते उचलणे – १२ दिवस (१ नंतर)
३. दारे-खिडक्यांच्या चौकटी घडविणे – १० दिवस (आरंभापासून)
४. भिंतींचे विटकाम – १५ दिवस (२ व ३ नंतर)
५. सेंट्रिंग, सळई आणि स्लॅब ओतणे – ८ दिवस (४ नंतर)
६. स्लॅबवर पाणी मारणे, सेंट्रिंग काढेपर्यंत – १४ दिवस (५ नंतर)
७. भिंतींत विजेचे पाइप बसविणे – ६ दिवस (४ नंतर)
८. गच्चीचा कठडा – ५ दिवस (५ नंतर)
९. बाहेरचा गिलावा – ९ दिवस (८ नंतर)
१०. आतला गिलावा – १० दिवस (६ व ७ नंतर)
११. फरशी – ७ दिवस (१० नंतर)
१२. रंगकाम – ८ दिवस (९ व ११ नंतर)
१३. पुस्तकांची कपाटे घडविणे – १८ दिवस (३ नंतर, कारण सुतार तोच)
१४. कपाटे जागेवर मांडणे – २ दिवस (१२ व १३ नंतर)

यादी करताना एक पथ्य पाळावे. स्लॅबवर पाणी मारण्याच्या चौदा दिवसांत मजुरी फारशी पडत नाही म्हणून नवशिका ते गाळतो. परंतु ज्याला वेळ लागतो ते सर्व आराखड्यात काम म्हणूनच धरावे, मग तेथे माणसे राबत असोत वा केवळ सिमेंट घट्ट होत असो.

पुढची मोजणी आणि उलट मोजणी

प्रथम आरंभापासून शेवटाकडे जावे. पहिल्या दिवसाच्या सकाळला शून्य म्हणावे. मग ६ हा आकडा सहाव्या दिवसाची संध्याकाळ दाखवील आणि तोच पुढील कामाचा आरंभही होईल. काही लोक आरंभ १ पासून मोजतात. तीही रीत चालते, पण एकाच कागदावर दोन्ही रीती मिसळल्या की प्रत्येक उत्तरात एका दिवसाची चूक शिरते, म्हणून कोणती रीत धरली आहे हे कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवावे.

नियम एवढाच, की कामाचा लवकरात लवकर आरंभ म्हणजे त्याच्या पूर्वीच्या सर्व कामांच्या समाप्तींपैकी सर्वांत मोठा आकडा. खोदाई ६ ला संपते, जोते १८ ला. चौकटी १० लाच तयार होतात. विटकामाला जोते आणि चौकटी दोन्ही हवीत, म्हणून ते १८ ला सुरू होऊन ३३ ला संपते. स्लॅब ४१ ला ओतून होतो, सेंट्रिंग ५५ ला निघते, पाइप ३९ लाच बसलेले असतात, तेव्हा आतला गिलावा ५५ ला लागून ६५ ला आटोपतो. फरशी ७२ पर्यंत जाते. दरम्यान कठडा ४६ ला आणि बाहेरचा गिलावा ५५ ला झालेला असतो. रंगकाम ७२ ते ८० चालते. कपाटे २८ लाच घडून झालेली असतात. आणि त्यांची मांडणी ८२ ला पुरी होऊन इमारत समितीच्या ताब्यात जाते.

आता शेवटाकडून आरंभाकडे परतावे. येथील नियम पहिल्याच्या उलट आहे : कामाची उशिरात उशिरा समाप्ती म्हणजे त्याच्या नंतरच्या सर्व कामांच्या उशिरात उशिरा आरंभांपैकी सर्वांत लहान आकडा. कपाटांची मांडणी ८० ला लागलीच पाहिजे, म्हणून रंगकाम आणि कपाटे घडविणे ही दोन्ही ८० पर्यंत संपली तरी चालेल. रंग ७२ ला लागला पाहिजे, म्हणून बाहेरचा गिलावा ७२ पर्यंत लांबू शकतो, तो ६३ ला लागला तरी पुरे, आणि त्यामुळे कठडा ६३ पर्यंत लांबू शकतो. चौकटींच्या पुढे दोन कामे आहेत : विटकाम १८ ला लागलेच पाहिजे आणि कपाटे ६२ ला घेतली तरी चालतात, यांतील लहान आकडा १८, म्हणून चौकटी १८ च्या संध्याकाळपर्यंत हाती आल्याच पाहिजेत.

एकूण सवड

प्रत्येक कामाच्या उशिरात उशिरा आरंभातून लवकरात लवकर आरंभ वजा केला की जी बाकी राहते ती त्या कामाची एकूण सवड. आपल्या उदाहरणात चौकटींची सवड ८ दिवस, विजेच्या पाइपांची १६, कठड्याची १७, बाहेरच्या गिलाव्याची १७ आणि कपाटे घडविण्याची ५२ दिवस येते. उरलेल्या नऊ कामांची सवड शून्य आहे. खोदाईपासून जोते, विटकाम, स्लॅब, पाणी मारणे, आतला गिलावा, फरशी आणि रंग यांतून कपाटांच्या मांडणीपर्यंत जाणारी ही जी अखंड साखळी, तिलाच निर्णायक मार्ग किंवा क्रिटिकल पाथ म्हणतात. तिच्यातील दिवसांची बेरीज ८२ भरते की नाही हे पाहणे ही आपल्या गणिताची पहिली पडताळणी होय.

एकूण सवडीचा उपयोग तात्काळ होतो. चौकटी ठरल्या दिवसापेक्षा १३ दिवस उशिरा आल्या असे धरा. विलंबातून सवड वजा करावी, १३ मधून ८ गेले, आणि इमारत ५ दिवसांनी लांबली हे निश्चित झाले. त्याबरोबरच निर्णायक मार्गाने आपली जागा बदलली आणि तो आता सुताराच्या कारखान्यातून जाऊ लागला, हेही ध्यानात घ्यावे. आजवर ज्या जोत्यावर आपण दिवसरात्र तगादा लावला होता त्यालाच आता ५ दिवसांची सवड मिळाली आहे, आणि तेथे जादा मजूर लावणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

मुक्त सवड आणि स्वतंत्र सवड

परंतु एकूण सवडीचा आकडा पाहून कोणालाही खुशाल होकार देऊ नये, कारण तो आकडा त्या एकट्या कामाचा नसतो. कठड्याची सवड १७ आणि बाहेरच्या गिलाव्याची सवडही १७, म्हणून दोघांची मिळून ३४ असा हिशेब करणारे लोक आहेत. वस्तुतः ते १७ दिवस एकच आहेत आणि दोन्ही कामांच्या नावे लिहिलेले आहेत. ही सामाईक खात्यावरची शिल्लक होय : कठड्याच्या गवंड्याने त्यांतून १२ दिवस उचलले की गिलावेवाल्याला ५ च उरतात, आणि त्याने काहीही केलेले नसता त्याच्यावर घाईची पाळी येते.

यासाठी दुसरा आकडा काढावा. नंतरच्या कामांच्या लवकरात लवकर आरंभांपैकी जो सर्वांत लहान, त्यातून या कामाची लवकरात लवकर समाप्ती वजा केली की मुक्त सवड मिळते. म्हणजे पुढच्या कोणालाही धक्का न लावता हे काम जेवढे लांबविता येईल तेवढे दिवस. कठड्याची मुक्त सवड शून्य आहे, बाहेरच्या गिलाव्याची १७, पाइपांची १६ आणि कपाटांची ५२. चौकटींचे उदाहरण तर विशेष उद्बोधक आहे : त्यांची एकूण सवड ८ असूनही मुक्त सवड शून्य येते, कारण चौकटी १० ला संपल्या की लगेच तोच सुतार कपाटांना हात घालणार असतो. मात्र कपाटांना स्वतःची ५२ दिवसांची सवड असल्यामुळे त्यांना बसणाऱ्या धक्क्याची चिंता करण्याचे कारण नाही. तात्पर्य, मुक्त सवड शून्य आली एवढ्यावरूनही घाबरून जाऊ नये. धक्का कोणाला बसतो आणि त्याला तो सोसवतो काय, हे पाहावे.

तिसरी स्वतंत्र सवड. आधीच्या कामांनी आपली सारी सवड खाल्ली आणि पुढची कामे लवकरात लवकर लागली, तरीही जी शिल्लक राहते ती ही. पुढील कामाच्या लवकरात लवकर आरंभातून आधीच्या कामाची उशिरात उशिरा समाप्ती आणि या कामाचे दिवस वजा करावे. बाकी ऋण आल्यास शून्य धरावी. कपाटांच्या बाबतीत ८० मधून १८ आणि पुन्हा १८ गेले म्हणजे ४४ उरतात. पाइपांच्या बाबतीत ५५ मधून ३३ आणि ६ जाऊन १६ उरतात. बाहेरच्या गिलाव्याच्या वाट्याला मात्र शून्य येते. विजेच्या कंत्राटदाराला म्हणूनच निर्धास्तपणे सांगता येते, की हे सोळा दिवस तुझे आहेत. गिलावेवाल्याला तसे वचन देता येत नाही.

कागदावरची सवड आणि हाताशी असलेली सवड

येथवरचे गणित संगणकही बिनचूक करतो. जेथे माणसाची दृष्टी लागते ती जागा पुढे आहे. आपल्या आराखड्यात बाहेरच्या गिलाव्याला १७ दिवसांची सवड आहे. पण कठडा, बाहेरचा गिलावा आणि आतला गिलावा ही तिन्ही कामे गवंड्यांची एकच तुकडी करणार असेल तर? सेंट्रिंग निघेपर्यंतच्या १४ दिवसांत ही तुकडी कठड्याचे ५ आणि बाहेरच्या गिलाव्याचे ९ असे नेमके १४ दिवस राबते आणि ५५ ला आत शिरते. हीच तुकडी हाच क्रम पाळणार असेल तर बाहेरच्या गिलाव्यात गेलेला प्रत्येक दिवस आतल्या गिलाव्याच्या, आणि म्हणून संपूर्ण इमारतीच्या, मुदतीतून जातो. कागदावर सतरा दिवस आणि प्रत्यक्षात एकही नाही! उपाय दोन : एक, माणसांचे बंधनही बाणाने दाखवावे, जसे आपण सुताराच्या बाबतीत दाखविले, किंवा उरलेला बाहेरचा गिलावा फरशीच्या सात दिवसांत उरकण्याची तजवीज करावी, म्हणजे गिलाव्याची सवड खऱ्या अर्थाने उपयोगात येते.

दुसरी सावधगिरी पंचांगाची. आपण सर्व दिवस एकाच मापाने मोजले. परंतु गवंडी आठवड्यातून एक दिवस सुटी घेतो आणि सिमेंट ती घेत नाही. पाणी मारण्याचे १४ दिवस हे सलग दिवस असतील तर कामाच्या दिवसांच्या मापाने ते १२ च भरतात, सेंट्रिंग ५५ ऐवजी ५३ लाच निघते, आणि गवंड्यांची तुकडी मात्र ५५ पर्यंत बाहेरच अडकलेली असते. म्हणजे स्लॅबवर पाणी मारण्याच्या ज्या कामाला आपण निर्णायक समजत होतो त्यालाच दोन दिवसांची सवड मिळाली आणि निर्णायक मार्ग गवंड्यांच्या हाती गेला. दोन कामांची पंचांगे निराळी असतील तर त्यांच्या सवडींची तुलना एका मापावर आणल्यावाचून करू नये.

आणि आपल्याकडे या पंचांगावर पावसाळ्याची सत्ता आहे. हेच काम १ एप्रिलला सुरू केले आणि दर आठवड्याला एक सुटी धरली, तर मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे ७ जूनपूर्वी, कामाचे ५७-५८ दिवस मिळतात. बाहेरचा गिलावा लवकरात लवकर ५५ ला संपतो. तेव्हा पावसाआधी तो उरकावयाचा तर १७ दिवसांच्या सवडीतून जेमतेम दोन-तीन दिवस हाती राहतात. असे बंधन उलट मोजणी करतानाच, त्या कामाची उशिरात उशिरा समाप्ती म्हणून लिहून टाकावे. मागाहून ढगांकडे पाहून आराखडा दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

सवड ऋण आली तर

समजा, अनुदानाच्या अटीप्रमाणे इमारत ७६ दिवसांत पुरी झाली पाहिजे. मग उलट मोजणी ८२ ऐवजी ७६ पासून करावी. सर्व सवडी ६ दिवसांनी घटतात, निर्णायक मार्गावर उणे ६ हा आकडा येतो आणि चौकटींची सवड २ च राहते. ऋण सवड म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच ठाऊक झालेला उशीर. तो दडपून सर्व कामांचे दिवस सरसकट कमी लिहिणे ही दप्तरातील सर्वांत जुनी युक्ती आहे आणि ती शेवटी अंगाशी येते. त्याऐवजी निर्णायक मार्गावर जेथे माणसे वाढवून दिवस खरोखर कमी होतात तेथेच पैसा लावावा : विटकाम १५ वरून १२ वर आणि आतला गिलावा १० वरून ७ वर आणला की सहा दिवस निघाले. स्लॅबच्या पाण्याच्या दिवसांना मात्र हात लावू नये. ती काटकसर पुढे गळतीच्या रूपाने फेडावी लागते. आणि दिवस कमी केल्यावर दोन्ही मोजण्या पुन्हा कराव्यात, कारण एक मार्ग आखडला की दुसरा निर्णायक होऊन बसण्याचा संभव असतो.

सवड कोणाची?

हा प्रश्न कराराच्या वेळी कोणी विचारत नाही आणि तंट्याच्या वेळी सगळेच विचारतात. कंत्राटदार म्हणतो, आराखडा मी केला, सवड माझी. मालक म्हणतो, पैसा माझा, सवडही माझीच. इंग्लंडमधील सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेने २००२ साली विलंबाविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली तिचा कल असा आहे, की करारात वेगळे लिहिले नसेल तर सवड दोघांपैकी कोणा एकाच्या मालकीची नसते, आणि मालकामुळे झालेला विलंब सवडीत सामावत असेल तोवर कंत्राटदाराने मुदतवाढ मागू नये. याचा व्यावहारिक अर्थ, जो आधी पोहोचेल त्याने सवड वापरावी, असाच होतो. आणि तसे होऊ द्यावयाचे नसेल तर वाटणी करारातच लिहावी.

मोठा करार नसला तरी हे तत्त्व लागू पडते. देखरेख करणाऱ्याने मुक्त सवडीचे दिवस त्या त्या कारागिराच्या हवाली करावेत, परंतु मार्गाच्या सामाईक सवडीतून एकही दिवस आपल्या परवानगीवाचून खर्च होऊ देऊ नये. त्यासाठी दर आठवड्याला एक छोटी नोंदवही लिहावी : काम, आरंभीची सवड, आजची सवड, आणि मधले दिवस कोणी व कशासाठी वापरले. ज्या कामाची सवड दर आठवड्याला दोन-तीन दिवसांनी आटत आहे ते काम, आज आकडा मोठा असला तरी, शून्य सवडीच्या कामाइतकेच धोक्याचे समजावे.

सवड खर्च करणे हा दोष नाही, हेही सांगितले पाहिजे. कपाटे २८ लाच घडवून सिमेंटच्या धुळीत दोन महिने ठेवण्यापेक्षा ती ५० च्या सुमारास सुरू करणे शहाणपणाचे. लाकडात पैसा अडकत नाही, जागा अडत नाही, आणि तरीही १२ दिवस हाताशी उरतात. मात्र ती नेमकी ६२ लाच सुरू करणारा माणूस सुताराच्या एका दिवसाच्या आजारपणावर साऱ्या इमारतीची मुदत टांगून ठेवतो. सर्वच कामे उशिरात उशिरा सुरू केली तर प्रत्येक काम निर्णायक होते, आणि मग आराखडा असून नसल्यासारखा.

म्हणून चार दिवस चालतील काय, असे कोणी विचारले तर उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : मुक्त सवड किती आहे, ती अपुरी असेल तर मार्गावरच्या पुढच्या माणसाला धक्का सोसवेल काय, आणि तीच माणसे दुसरीकडे हवी आहेत काय. या तिन्हींचे उत्तर अनुकूल असेल तर परवानगी द्यावी, आणि ती दिल्याचे त्याच संध्याकाळी वहीत लिहावे.